वरच्या वाडीचा चढ

हुपरी,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. तेजूला आत्याचा पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आण्णा म्हणाला, "सायन्स शिकून पोरीचं अक्षर पाक बिघडलं." पण मला समदं वाचता आलं की. बापाचं मनावर घेऊ नकोस. तुझं पत्र शर्टाच्या खिशात घालून दोन दिवस गल्लीभर फिरत होता.

तू कागदावर लिहितीस हे लई बरं वाटतं बघ. फोन कानाला लावला की कानातलं यंत्र शिट्टी मारतंय. मोबाईलवर लिहायला गेलं तर माझी बोटं त्येला कळत न्हाईत. एवढी वर्सं चांदीच्या पैंजणांचे सांधे जाळावर डाक देऊन जोडता जोडता बोटांची टोकं भाजून चामड्यागत झाल्यात. काचेला वाटतं हे माणूसच न्हवं.

हिकडं दिवाळीच्या मालाची घाई हाय. दिवसभर ज्योतीम्होरं बसून असते. बसून करायचं काम म्हणून तर मला जमतंय. तुझी आई बरी हाय, गुडघ्याला तेल लावायचं तेवढं विसरती.

तू तिकडं बेंगळुरात नेमकं काय करतीस ते एकदा नीट लिही. आण्णा सांगत सुटलाय, "आमची तेजस्वी सायकलवाल्यांस्नी औषध पाजती आणि रगात काढती." बायका मला इचारतात, मी काय सांगू? ते औषध पिऊन पायात ताकद येती का? चढाला पाय चालतात का? माझ्यासारख्या म्हातारीचेबी?

गेल्या आठवड्यात गगनबावड्याकडनं एक पावणं आलतं. चहा घेऊन गेलं. आण्णा घरात न्हवता.

जेवणाची हयगय करू नकोस.

तुझी,
बनाआत्या

---

बेंगळुरू,
२७ ऑक्टोबर २०२४

लाडक्या आत्याला तेजूचा वाकून नमस्कार.

आण्णांनी सांगितलं ते अगदीच खोटं नाही. सायकलवाले येतात, आम्ही त्यांना एक पेय देतो, ते जागच्या जागी सायकल मारतात आणि मी मधेमधे त्यांच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेते. आता नीट सांगते, म्हणजे तू गल्लीला सांग.

आपलं शरीर चालतं ते मुख्यतः दोन गोष्टी जाळून. एक साखर, दुसरी चरबी. साखर पटकन पेटते, चरबी सावकाश. पण उपास लांबला, साखर कमी पडायला लागली, की आपलं यकृत चरबीपासून एक तिसरंच इंधन तयार करतं. त्याला कीटोन म्हणतात. मेंदू ते जाळतो, हृदय जाळतं, पायाचे स्नायूसुद्धा जाळतात. आमच्या पेयात हेच कीटोन तयार स्वरूपात असतात. उपास न करताच ते प्यायचं. अर्ध्या तासात ते रक्तात दिसायला लागतात. मग स्नायू त्यातलं थोडं जाळतात आणि आपल्याजवळची साखर राखून ठेवतात, असं काही जणांचं म्हणणं आहे. ते खरं की खोटं, हेच आम्ही बघतोय.

चव मात्र अशी आहे की काय सांगू! एका पोराने पहिला घोट घेतला आणि म्हणाला, हे रंग काढायचं थिनर आहे का? काहींना मळमळतं. आणि एक गोष्ट आत्ताच दिसतेय, एकदम जोर लावायचा असेल तेव्हा हे पेय फारसं कामाचं नाही. तिथे साखरच लागते. पण सावकाश, लांबवर जायचं असेल तर दमलेल्या पायांना वेगळं इंधन मिळतं, ही कल्पनाच मला फार आवडते.

तू म्हातारी कधीपासून झालीस? आणि गगनबावड्याचे पाहुणे कोण गं? आपलं तिकडे आता कोण आहे?

तुझीच,
तेजू

---

हुपरी,
२० नोव्हेंबर २०२४

चि. तेजू,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. दमलेल्या पायांना वेगळं इंधन, हे वाचलं आणि खाली ठेवलंच न्हाय.

तुला माझ्या पायाचं कधी सांगितलं न्हाय. तू ल्हान होतीस तवा मी तुला कडेवर घेऊन कधी देवळात नेलं न्हाय, आठवतंय? तुला वाटत आसंल आत्याचा जीव न्हाय. जीव होता गं. पाय न्हवते. शाळेत कवायतीला उभं केलं, पळा म्हणलं, की मी थोडं पळायची आणि पोटऱ्या दगडागत व्हायच्या. वळून बसायच्या, सुटायच्याच न्हाईत. मास्तर म्हणायचे नाटकं करती. आई म्हणायची अंगचोर. पण एक गंमत सांगते. मी जरा बसून, मग अगदी हळू चालायला लागले, तर थोड्या येळानं पाय उघडायचे. मग लांबवर चालता यायचं. हे मी कुणाला सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर म्हणाले असते, बघा, मनात आलं की चालती.

लगीन झालं ते घाटाकडं, डोंगरावरच्या वाडीत. झरा खाली, घर वर. दोन घागरी घेऊन चढायचं. तिथं थांबून बसायला कुठलं मिळतंय? पोरी भराभर वर जायच्या, मी मधीच बसायची. सासूनं नावच ठेवलं, बसकी. म्हशीला म्हणतात तसं. वरीसभरानं माघारी हुपरीला आणून सोडलं. पुढचं तुला ठाव हाय.

आता माझं काम सांगते. त्या पेयाची एक बाटली मला धाडशील का? मला एक चढ चढायचा हाय. एकदाच. माझ्या पायांनी.

तुझी,
बनाआत्या

---

बेंगळुरू,
५ डिसेंबर २०२४

आत्या, नमस्कार.

घाईत लिहितेय, रागावू नकोस. इकडे सकाळी सहाला पहिला सायकलवाला येतो आणि रात्री आकडे भरता भरता डोळे मिटतात.

बाटली पाठवता येणार नाही. ती अभ्यासाची आहे, एकेका थेंबाचा हिशेब द्यावा लागतो. आणि तुला त्याची गरजही नाही. तू दिवसभर बसून काम करतेस, हालचाल नाही, रक्त कमी असेल, म्हणून पाय भरून येत असतील. हिमोग्लोबिन तपासून घे. खजूर खा. रोज सकाळी थोडं चाल.

आणि जोतिबाला जायचं असेल तर आता गाडी पार वरपर्यंत जाते. पायांनीच कशाला चढायचं? मी मार्चमध्ये येते, आपण दोघी जाऊ.

तेजू

---

हुपरी,
१६ जानेवारी २०२५

चि. तेजस्वीस आशीर्वाद.

फोनवर तुझ्यावर ओरडलो, त्याचं मनात ठेवू नको. घाबरलो होतो. आता तुझी आत्या घरी आली आहे. फोनवर तिच्यादेखत बोलता येत नाही, म्हणून कागद घेतला. पत्र लिहिण्याची मला सवय नाही.

झालं ते असं. तुझी आत्या कोल्हापूरला माल पोचवायला गेली आणि एका जिमच्या दुकानातनं तुझ्या त्या कीटोनची पावडर घेऊन आली. आम्हाला पत्ताच नाही. संक्रांतीच्या आधी म्हणाली, नृसिंहवाडीला दर्शनाला जाऊन येते. मी म्हणलं जा. ती गेली उलट्या दिशेनं, गगनबावड्याच्या गाडीत बसून. रस्त्यावर उतरली, पावडर पाण्यात घालून प्यायली आणि तिच्या सासरचा, वरच्या वाडीचा चढ चढायला लागली. पेय घेतलंय म्हणजे पाय चालणारच, असं समजून कुठं थांबली नाही. दुखत होतं तरी रेटलं. अर्ध्यात पडली. हातपाय आवळून लाकूड झालेले. वाटेनं खाली येणाऱ्या केरबाला ती दिसली. त्यानं तिला पाठीवर घेऊन खाली रस्त्याला आणलं आणि वडापच्या जीपमधनं कोल्हापूरला दवाखान्यात घातलं.

लघवी कोऱ्या चहासारखी होत होती. डॉक्टर म्हणाले, स्नायू फुटून त्याचा रंग उतरलाय, किडनीवर बेतलं असतं. सलाईनवर सलाईन लावली. आता लघवी स्वच्छ आहे. त्यांनी सांगितलंय, एवढ्याशा चढानं असं होत नाही, बेंगळुरूला नाहीतर पुण्याला मोठ्या ठिकाणी दाखवा. कागद सोबत जोडले आहेत.

आता तू विचारशील केरबा कोण. केरबा म्हणजे तिचा नवरा. आईच्या सांगण्यावरनं जिला माघारी धाडली, तिला तीस वर्षं बघायला आला नाही तो. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून होता. मी गेलो तवा उठून उभा राहिला. मी म्हणलं, "कशाला आलायस?" तर म्हणतो, "तिची चप्पल राहिली होती वाटेत, ती आणलीया." हातात चप्पल. मी चप्पल काढून घेतली आणि त्याला तिथनं जायला सांगितलं. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. विचारणारही नाही.

तुझी आत्या माझ्याशी बोलत नाही, मी त्याला हाकलला म्हणून. तू लिही तिला.

आण्णा

---

हुपरी,
२४ जानेवारी २०२५

तेजू बाळा,

रागावलीस का? तू पाठवली न्हाईस म्हणून मी इकत घेतली. तुझा त्यात दोष न्हाय. आधी हे पक्कं ध्यानात ठेव, मग म्होरं वाच.

आक्टोबरात आलतं ते पावणं केरबाच. आधीच्या पावसाळ्यात त्याची आई गेली, धोंडुबाई. दारात उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढून हातात. मी म्हणलं, "या पावणं." पावणंच म्हणलं, दुसरं काय म्हणू? चहा प्याला. मग म्हणाला, "आई गेली. घरात मी एकटाच हाय. तू येतीस का, इचाराय आलोय." मी म्हणलं, "चढ हाय तसाच हाय न्हवं?" तो म्हणाला, "चढ कुठं जातोय." मग दोघंबी हसलो. एवढ्या वर्सांनी पैल्यांदा हसलो आणि ते ह्या गोष्टीवर.

मी व्हय म्हणाले न्हाय, न्हाय म्हणाले न्हाय. माझ्या मनात एकच आलं. त्येच्या घरात जायचं तर माझ्या पायानं जायचं. दुसऱ्या कशानं गेले तर त्येनं दया केली असं व्हईल. माझ्या पायानं वर गेले तर मी त्येला डोळ्यात डोळा घालून इचारीन, तवा का गप बसलास? मग ऱ्हायचं का न्हाय ते बघू. आण्णाला ह्यातलं काय सांगितलं असतं तर त्यानं घरातल्या भिंती हलवल्या असत्या.

शेवटी पाठीवरच बसावं लागलं गं. तेबी वर न्हाय, खाली यायला. डोळ्यातनं पाणी येत होतं ते दुखण्याचं का रागाचं, मला कळंना. तो जपून उतरत होता, एकेक पाय रोवून. मधनंच इचारायचा, "लागतंय का?" त्येचं वय झालंय तेजू. मानेवरची कातडी सुटलीया.

आणि एक. ती काळी लघवी काय पैल्यांदा न्हाय. त्या वरसात, लाकडाच्या मोळ्या वाहिल्या की व्हायची. मला वाटायचं बायकी काहीतरी हाय, सांगायचं नसतं. केरबाला ठाव होतं. त्येनं आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "असली नासकी पोर घरात नको." म्हणून धाडली. मला आळशी म्हणून धाडलंय असंच मी आजवर समजत होते. दवाखान्यात त्येनं हे सांगितलं.

आता मी चांगली हाय. कामाला बसले. आण्णाशी बोलत न्हाय.

बनाआत्या

---

बेंगळुरू,
२ फेब्रुवारी २०२५

आत्या गं,

तुझं पत्र आलं आणि मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून वाचलं.

तू म्हणतेस दोष नाही. पण तू नोव्हेंबरात मला सगळं लिहिलं होतंस आणि मी तुला खजूर खायला सांगितला. दिवसभर मी परक्या माणसांचे पाय मोजत होते, आणि माझ्या माणसाचे पाय वाचायला मला वेळ झाला नाही. ह्यावर जास्त लिहीत नाही, कारण आता रडण्यापेक्षा काम आहे.

इथे स्नायूंच्या आजारांच्या एक डॉक्टर आहेत, शांभवी नावाच्या. निपाणीकडच्या, घरात कन्नड आणि मराठी दोन्ही. कोल्हापूरचे कागद दाखवले, आणि तू सांगितलेलं सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. "जरा बसून हळू चाललं की पाय उघडतात" हे सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "हे अक्कांनी स्वतः सांगितलं? ह्याच शब्दांत?" मी म्हटलं हो. म्हणाल्या, "त्यांना घेऊन ये. लवकर."

आणखी एक त्यांनी विचारलं, आजी-आजोबा नात्यातले होते का? मी म्हटलं, आजी आजोबांच्या सख्ख्या मामाचीच मुलगी. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

गाडीचं तिकीट काढलंय, तुझं आणि आण्णांचं. प्रवासात त्यांच्याशी बोल गं. रात्रभर दोघं गप बसून येऊ नका.

पावडरचा डबा असेल तिथून फेकून दे.

तुझी,
तेजू

---

बेंगळुरू,
८ एप्रिल २०२५

लाडक्या आत्या,

तुम्ही परत गेलात आणि माझी खोली एकदम मोठी वाटायला लागली. डॉक्टर शांभवी अजून तुझी आठवण काढतात. त्यांच्या टेबलावर तू ठेवलेलं चांदीचं छोटं घुंगरू तसंच आहे.

रिपोर्ट आला. फोनवर आण्णांना सांगता आलं असतं, पण हे तुझं आहे, तूच आधी वाच.

तुझ्या आजाराला मॅकआर्डल म्हणतात. आपल्या प्रत्येक स्नायूत साखरेचं स्वतःचं कोठार असतं. पळायला लागलो, चढायला लागलो, ओझं उचललं, की पहिल्या काही मिनिटांत स्नायू त्या कोठारातलीच साखर काढून वापरतो. ते कोठार उघडायला एक किल्ली लागते. तुझ्या स्नायूंकडे ती किल्ली जन्मापासून नाही. कोठार भरलेलं, आणि स्नायू दारात उपाशी. म्हणून ते आवळतात. तरीही रेटलं तर फुटतात, आणि लघवी काळी होते.

पण सावकाश चालत राहिलं तर थोड्या वेळाने रक्तातून बाहेरची साखर आणि चरबी स्नायूपर्यंत पोचायला लागते. मग तो चालू होतो. तेच तुझं पाय उघडणं. ते खरं होतं आत्या. शाळेतही खरं होतं, वाडीतही खरं होतं.

आई-वडील दोघांकडून बिघडलेली एकेक प्रत आली की हे होतं. यात कुणाची चूक नाही. तुझी तर नाहीच. तू अंगचोर नव्हतीस. तू नाटकं करत नव्हतीस. हे मी पुन्हा लिहू शकते, तुला पाहिजे तितक्या वेळा.

आता ते कीटोन. मी डॉक्टरांना विचारलं, हे तिसरं इंधन तर कोठाराबाहेरून येतं, मग आत्याला का नाही लागू पडलं? मला मनातून वाटत होतं की लागू पडायला हवं. त्या म्हणाल्या, अशा लोकांवरही ते पेय देऊन बघितलंय, फारसा फरक दिसला नाही. कीटोन जळायला सावकाश, आणि चढाची सुरुवात मागते झटपट साखर. शिवाय त्या पावडरीच्या भरवशावर तू थांबली नाहीस, हेच सगळ्यात वाईट झालं. यावर अभ्यास चालू आहेत, पुढचं पुढे. तू घ्यायचं नाही.

तुला काय करायचंय ते साधं आहे. चालायच्या थोडं आधी साखरपाणी, तेही रोज उठून नाही, चढ असेल तेव्हाच. सुरुवात मुंगीसारखी. दुखलं की थांबायचं, बसायचं, सुटलं की पुन्हा. ओझं उचलायचं नाही. दात खाऊन रेटायचं नाही, कुणीही काहीही म्हणालं तरी. लघवीचा रंग बदलला तर लगेच दवाखाना.

डॉक्टर म्हणाल्या, "अक्कांना सांग, चढ त्यांना बंद नाही. घाई बंद आहे."

तुझी,
तेजू

---

हुपरी,
२१ एप्रिल २०२५

तेजू बाळा,

तुझं पत्र मी एकटीनंच वाचलं. मग घडी घालून आण्णाच्या हातात दिलं. त्येनं उभ्याउभ्या वाचलं, आणि कामाच्या खोलीतला गॅस बंद करून बाहेर कट्ट्यावर येऊन बसला. मला म्हणाला, "बस. तुला वाचून दाखवतो." मी म्हणलं, "मी वाचलंय." "तुला नीट ऐकू येत न्हाय," म्हणाला. वाचायला ऐकू कशाला यायला पाहिजे, सांग बघू! पण मी बसले.

आणि ओरडून वाचाय लागला. माझ्यासाठी म्हणून मोठ्यानं. गल्लीतली दारं उघडली. शेजारची बायडाबाई पीठ मळत्या हातानं बाहेर आली. "अंगचोर नव्हतीस," इथं आला आणि थांबला. पाणी प्याला. आणि तेवढंच परत वाचलं, आणखी मोठ्यानं. पार चौकात गेलं आसंल. शेवटी त्येचा आवाज फाटला तवा उठला आणि आत निघून गेला. संध्याकाळी बघते तर माझी बसायची जुनी गादी काढून नवी घातली होती.

तुला वाटंल मी आनंदानं नाचले. तसं झालं न्हाय गं. पैल्यांदा लई राग आला. आई न्हाय, मास्तर न्हाईत, सासू न्हाय. आता भांडू कुणाशी? दोन दिवस मी कुणाशी धड बोलले न्हाय. वाटलं, हे आधी कळलं असतं तर माझं घर असतं, पोरंबाळं असती. मग वाटलं, पोर तर हाय की एक, बेंगळुरात. मग जरा बरं वाटलं.

केरबाला मी निरोप धाडला. पावसाआधी येणार हाय म्हणून. आण्णाला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "मी येऊ संगं?" मी म्हणलं, "नको. तू आलास तर तो बोलायचा न्हाय." मग इचारतो, "साखर किती न्यायची?"

बनाआत्या

---

हुपरी,
२३ मे २०२५

चि. तेजूला तिच्या आत्याचा, वर जाऊन आलेल्या आत्याचा, आशीर्वाद.

सगळं सांगते, घाई करू नकोस. मीबी केली न्हाय.

सकाळच्या गाडीनं उतरले. केरबा रस्त्याला उभा होता. झाडाखाली बसून साखरपाणी प्याले, त्येलाबी दिलं. मग निघालो. थोडं गेलो आणि पोटऱ्यांनी आवळायला सुरवात केली. मी थांबले, दगडावर बसले. तो बोलत बोलत म्होरं गेलता. मागं बघितलं, मी न्हाय. परत खाली आला. मला वाटलं हात धराय येतोय. पण तो शेजारच्या दगडावर बसला, नुसता. मला उठवलं न्हाय. मी उठले तवा उठला. असं लई येळा झालं. गुरं घेऊन जाणारा एकजण म्हणाला, "काय केरबादा, थकला का?" केरबा म्हणाला, "न्हाय. बसलोय."

मग पाय उघडले. तेजू, मी त्या वाटेनं वरीसभर रोज चढले होते, आणि वाट कधी बघितलीच न्हवती. पायाच्या अंगठ्याकडं बघून दात खात चढायची. दोन्ही अंगाला करवंदाच्या जाळ्या हाईत, काळ्याभोर पिकलेल्या. खाली कोकणाच्या बाजूला धुकं अडकून ऱ्हातं. मी थांबून थांबून करवंदं खाल्ली. आता थांबायला दुखणं लागत न्हवतं.

वर पोचलो तवा पैली दिसली ती विठाबाई, शेजारीण. ती आता पाक वाकलीया. डोळ्यावर हात धरून बघितलं आणि ओरडली, "अगंबाई, बसकी आली!" मी जाग्यावर थांबले. तवर केरबा म्हणाला, "तिचं नाव बना हाय."

लग्नानंतर त्या घरात माझं नाव त्येच्या तोंडून मी ऐकलंच न्हवतं.

घर शेणानं सारवलेलं होतं, त्येनं स्वतः, कोपऱ्यातनं सुटलेलं. चहा केला, दूध उतू घालवलं. मी उंबऱ्यात बसले आणि इचारलं, "तुला ठाव होतं मला दुखणं हाय. तवा का गप बसलास?" त्येनं उतू गेलेलं दूध फडक्यानं पुसलं. मग म्हणाला, "आईम्होरं धीर न्हवता." मी म्हणलं, "आणि आता?" म्हणाला, "आता आई न्हाय." मी म्हणलं, "म्हणजे धीर अजून आलेलाच न्हाय की." ह्यावर तो हसला न्हाय. म्हणाला, "व्हय. खरं हाय ते." एवढं सरळ कबूल करंल असं मला वाटलं न्हवतं. दुसरं काहीबी म्हणाला असता तर मी त्याच पावली उतरले असते.

रात्री राहिले. माडीवर न्हाय, ओट्यावर, विठाबाई सोबतीला. सकाळी त्येला सांगितलं, "हे बघ. माझं काम हुपरीत हाय. माझी माणसं तिथं हाईत. मी इथं येऊन पाणी भरायची न्हाय, शेण काढायची न्हाय. मनात आलं की येईन, बसत बसत येईन. कायमची यायची न्हाय." तो व्हय म्हणाला. जरा खट्टू झाला, पण व्हय म्हणाला.

उतरताना मला सोडायला रस्त्यापतोर आला. खांद्याला एक पिशवी होती. मला वाटलं करवंदं दिल्यात आण्णाला. गाडी आली. मी चढले, खिडकीपाशी बसले. बघते तर तोबी चढला आणि शेजारी येऊन बसला. मी म्हणलं, "आरं, म्हशीचं काय?" तर म्हणतो, "विठाबाईला सांगितलंय. धार काढंल ती चार दिवस." मी म्हणलं, "कवा सांगितलंस?" म्हणाला, "तू यायच्या आदल्या दिवशीच."

"आण्णा घरात घ्यायचा न्हाय," मी म्हणलं. तो म्हणाला, "न्हाय घेतलं तर कट्ट्यावर बसंन. मला बसाय येतं आता."

तेवढ्यात कंडक्टर आला. "कुठं?" बायकांच्या हाफ तिकिटाला मी पाकीट काढाय लागले. केरबानं माझ्या हातावर हात ठेवला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "कोल्हापूर. एक फुल, एक हाफ."

तुझी,
बना